नववा शॉट

शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ताई तिसऱ्यांदा घराबाहेर पडली. हातात बॅग, अंगात राखाडी जाकीट. दारात थांबली, मागे वळली आणि तिला हसू फुटलं.

"कट," धाकटी म्हणाली. "ए शिडी, तू घर सोडून चालली आहेस. सहलीला नाही."

"मग रडू का? आधी सांग, मला तयारी लागते. कांदा आहे घरात?"

ही खरी ताई नव्हती. ताईच्या जाकिटात धाकटीची वर्गमैत्रीण होती. उंचीमुळे सगळं कॉलेज तिला शिडी म्हणायचं. जाकिटाच्या बाह्या मनगटाच्या चार बोटं वर राहत होत्या. खरी ताई तीन वर्षांपूर्वी एका पहाटे याच दारातून गेली. त्यानंतर फोन नाही, चिठ्ठी नाही.

कॉलेजात त्यांना एका गाण्याचा व्हिडिओ करायचा होता. सरांची अट एकच. आधी त्या प्रकारचे दहा तरी व्हिडिओ बघा, त्यांत काय काय पुन्हापुन्हा येतं ते मांडा, मग स्वतःचा आराखडा करा. "'छान दिसतं' हे कारण होत नाही. प्रत्येक शॉटसमोर आधार लिहायचा." धाकटीने निरोपाची गाणी निवडली. चौदा पाहिली, काही आवाज बंद करून. तक्ता तयार झाला. जाणारी व्यक्ती एकटी जाते. सामान एका हातात मावेल एवढंच. आणि दारात पोचली की मागे वळून पाहते: चौदापैकी तेरा. चौदावा व्हिडिओ दाराआधीच संपतो.

नववा शॉट त्यावर बेतला होता. खरं तर हा सगळा प्रकारच तिने त्या एका शॉटसाठी निवडला होता. ताई गेली तेव्हा धाकटी त्याच खोलीत, हातभर अंतरावर झोपली होती. तिला जाग आली नाही. एखाद्या दिवशी ती हे विसरलीही असती, पण आई विसरू देत नसे. जेवताना, कपडे वाळत घालताना, मध्येच कधीतरी म्हणायची, "शेजारी झोपली होतीस. तुला जाग कशी आली नाही?" आवाज चढवून नाही, किती वाजले विचारावं तसं. ते तेरा व्हिडिओ बघितल्यापासून मात्र धाकटीला वाटू लागलं होतं, की ताईनेही जाताना एकदा वळून तिच्या पलंगाकडे पाहिलं असेल.

आई बाहेरच्या खोलीत झोपायची. पोलिसांकडचा तिचा जबाब चार ओळींचा आहे. झोपेची गोळी घेतली होती. सहाला उठले. दार नुसतं लोटलेलं होतं. काही ऐकलं नाही, काही दिसलं नाही.

आता त्याच खोलीत ती खिडकीपाशी मशीनवर बसली होती. कपडे उसवून बेताचे करून द्यायची कामं ती घरीच घेते. संध्याकाळपर्यंत दोन पँटी आखूड करून द्यायच्या होत्या. मुलींच्या गडबडीकडे तिने मान वर करून पाहिलंही नव्हतं.

चौथ्या खेपेला शिडी न हसता निघाली. दारापाशी पोचली. मशीन थांबलं. शिडीने वळून, पापणी न हलवता, पाच सेकंद मागे पाहिलं. अगदी तक्त्यातल्यासारखं.

आईने ओठांत धरलेल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. चुकीचं माप तिला बघवत नाही. गिऱ्हाईकासमोरही ती गप्प बसत नाही.

"तसं नाही," ती म्हणाली. "बॅग डाव्या हातात. उजव्या हातात चपला. आणि मागे नाही बघितलं तिने."

धाकटीच्या हातातला फोन चालूच होता.

शिडीला यातलं काय माहीत? "बरं, काकू," म्हणून तिने चपला काढून उजव्या हातात घेतल्या, बॅग डावीकडे घेतली आणि अनवाणी बाहेर गेली. मागे न बघता कोपराने दार हळूच लोटलं.

"हां," आई म्हणाली. "असंच."

मशीन पुन्हा सुरू झालं.

धाकटीने आराखड्यात बदल केला आणि सोमवारी तो सरांकडे दिला. बुधवारी परत आला. नवव्या शॉटसमोर लाल गोल होता. चौदा व्हिडिओंमध्ये असं कुठेच नाही, मग आधार काय?

तो रकाना धाकटीने अजून भरलेला नाही. आणि तिला जाग कशी आली नाही, हे त्या दुपारनंतर आईने एकदाही विचारलेलं नाही.