ताईच्या यंत्रातली पावडर

"हे काम मी बंद करतोय," संशोधक म्हणाला आणि त्यानं पोलादी नळकांडं टेबलावर ठेवलं. "आधी ह्या पावडरीतला दोष शोधायचा. मग सगळं कचऱ्यात."

विभागप्रमुख बाईंनी नळकांडं आपल्याकडे ओढलं. त्याच्या ताईला जाऊन जेमतेम आठवडा झाला होता.

नळकांड्यात त्यानंच बनवलेली पावडर होती. धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेली, डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांनी भरलेली. हवेतला नायट्रोजन त्या छिद्रांत अडकायचा, प्राणवायू पुढे जायचा. खरं तर ती कारखान्यांसाठी होती. पण ताईची फुप्फुसं थकली, डॉक्टरांनी रोज रात्रभर प्राणवायू घ्यायला सांगितलं, तेव्हा त्यानं हट्टानं तिच्यासाठी हेच नळकांडं बसवून घरगुती यंत्र जुळवलं.

"भाड्याचा सिलिंडर आणू या की," ताई म्हणाली होती. "बिचारा गपगुमान उभा असतो कोपऱ्यात."

"मी असताना भाड्याचा कशाला? हे जरा खटखट करतं, पण होईल सवय."

ताई हसली. धाकट्या भावाचं मन तिनं कधी मोडलं नव्हतं.

दोघांच्या खोल्यांमध्ये एक पातळ भिंत. त्याची झोप लहानपणापासून सावध, शेजारी कुणी पेला ठेवला तरी तो उठून बसायचा. पण यंत्र घरी आलं आणि तो ढाराढूर झोपू लागला. ताईची काळजी मिटली, म्हणूनच. सकाळी चहा घेताना ताई आधी त्याच्या झोपेची चौकशी करायची, मग तो यंत्राची.

"झकास चाललंय रे तुझं यंत्र," म्हणत ती कप विसळायला उठायची. दोन पावलांत तिला धाप लागायची. पावडरीला थोडा वेळ द्यायला हवा, असं तो मनाशी म्हणायचा.

"पावडरीनं दगा दिला," आता तो म्हणाला. "मीच मारलं तिला."

"तोंडाला येईल ते बोलू नकोस. आधी वजन करू."

प्रयोगशाळेतली रीतच होती ती. यंत्र चालू असलं की हवेबरोबर ओलही आत जायची आणि पावडरीत साचायची. नळकांडं दिवसेंदिवस जड व्हायचं. मग ते भट्टीत तापवायचं, ओल उडवून लावायची. यंत्र बंद असलं की झडपा घट्ट मिटायच्या. दोन महिने रोज रात्री चाललेलं हे नळकांडं चांगलंच जड भरायला हवं होतं. पावडर भरली त्या दिवशीचं वजन त्यानं मार्करनं त्याच्यावरच लिहून ठेवलं होतं.

बाईंनी वजन केलं. काट्याकडे पाहिलं, मार्करच्या आकड्याकडे पाहिलं, आणि नळकांडं उचलून दुसऱ्या काट्यावर ठेवलं.

"किती?" त्यानं विचारलं.

"तेवढंच," बाई हळूच म्हणाल्या. "भरलंस तेव्हा होतं तेवढंच."

त्यानं मार्करच्या आकड्यावरून बोट फिरवलं. ताईचा रोज सकाळचा प्रश्न त्याला ऐकू येत होता.

"रात्री झोप मोडली नाही ना रे तुझी?"