शून्यासकट

"शून्यासकट घेतलं त्याने! अहो दाजी, शून्यासकट!" जेवता जेवता धाकट्याला हसू आवरेना.

दाजी दुपारचं दुकान बंद करून नुकतेच वर जेवायला आले होते. त्यांना काही कळेना. धाकट्याने पाण्याने टेबलावर आकडे काढून दाखवले. प्रत्येक शहराला टेलिफोनचा कोड असतो. त्याच आकड्यांचा इंटरनेटवरचा पत्ता आधीच आपल्या नावावर करून ठेवायचा. त्या शहरातल्या एखाद्या व्यापाऱ्याला तो कधी ना कधी हवाच असतो. मग आपण सांगू ती किंमत. फक्त कोडाच्या सुरुवातीचं शून्य गाळायचं. शून्यवाल्या पत्त्याला या धंद्यात कुत्रंही विचारत नाही. धाकट्याने आपले सगळे पत्ते शून्यासकट घेतले होते.

तो कारखान्यांमधले वजनकाटे तपासायचा. काट्याचं शून्य जुळवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यामुळे ही चूक लक्षात आल्यावर त्याला कुणाला तोंड दाखवावंसं वाटेना. बोलला तो फक्त ताईजवळ, तिच्या स्वयंपाकघरात, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून.

आणि मग त्यातलाच एक पत्ता, शून्यासकट, विकला गेला. चांगल्या किमतीला. घेणाऱ्याने नाव गुप्त ठेवलं होतं. धाकट्याच्या अंगात पुन्हा वारं शिरलं.

"कोण असेल रे हा शहाणा?" दाजींनी विचारलं.

"शहाणा कसला, ठार वेडा! डोकं घरी ठेवून बाजारात आलेला. असे आणखी चार भेटले की आपलं भलं झालं."

ताईला ठसका लागला. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "वेडाच गं बाई," ती म्हणाली आणि त्याला आग्रहाने वाढायला उठली.

"तर मंडळी," धाकटा खुर्चीत रेलून म्हणाला, "आज सकाळी साहेबांकडे राजीनामा देऊन आलो. आता हाच धंदा."

ताईचा डाव पातेल्यात तसाच राहिला.

"परत घे."

"काय?"

"राजीनामा. साहेब अजून ऑफिसात असतील. फोन कर आणि परत घे."

"अगं, आत्ता कुठे एक विकला गेलाय. दुसरा-"

"दुसरा नाही विकला जायचा." ताईने दाजींकडे बघायचं टाळलं. "माझ्याकडे होतं ते त्या एकातच संपलं रे. तू जेवत नव्हतास, मला बघवेना."

दाजी बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं. त्यांनी पुढ्यातलं ताट हळूच बाजूला सरकवलं, आणि तेच धाकट्याला जास्त लागलं. त्याने हातातला घास ताटात परत ठेवला.

ताईने हात पुसले, त्याचा फोन उचलला आणि साहेबांचा नंबर लावून त्याच्या हातात दिला. पलीकडून साहेबांचा आवाज आला. धाकट्याने फोन कानाला लावला. तेव्हा ताईच त्याच्या कानाशी वाकून हळूहळू सांगू लागली. ती सांगेल ते तो फोनमध्ये म्हणत गेला. घाई झाली. उद्यापासून येतो. कागद फाडून टाका.

"चूक झाली म्हण," ताई पुटपुटली.

धाकट्याने फोन कानापासून दूर धरला आणि मग ते ताईलाच म्हटलं.