पाव्हण्यांच्या चालू घडामोडी

महारुद्रने पोह्यांतला कढीपत्ता बाजूला सारला आणि अपेक्षाला पहिला प्रश्न टाकला. चांद्रयान-तीन चंद्रावर कोणत्या तारखेला उतरलं?

बघायच्या कार्यक्रमात मुलीला नाव विचारतात, शिक्षण विचारतात, फार तर स्वयंपाकाचं विचारतात. पण हा पाहुणा साधासुधा नव्हता. परभणीत खोली करून राज्यसेवेचा अभ्यास करत होता. सोनपेठकडच्या त्याच्या गावात लोक त्याला आत्तापासूनच साहेब म्हणतात, हे त्याचा बाप बन्सीधर आल्यापासून दोनदा सांगून मोकळा झाला होता. मुलगीही राज्यसेवेचाच अभ्यास करते म्हटल्यावर साहेबांनी तिचं पाणी जोखायचं ठरवलं.

चुकीची उत्तरं द्यायची, हे अपेक्षाचं सकाळीच ठरलं होतं. मैत्रीण ज्ञानेश्वरी फोनवर म्हणाली होती, दोन-तीन चुकव, बावळट दिस, पाहुणे आपोआप जातील. वडिलांनी, लिंबाजींनी, स्पष्टच बजावलं होतं. तिकडून होकार आला तर अभ्यास संपला. येत्या रविवारची पूर्वपरीक्षासुद्धा पाहुण्यांना विचारूनच द्यायची.

तिने चुकीची तारीख जिभेवर आणली आणि सहज वर पाहिलं. महारुद्र मिशीवरून बोट फिरवत गालात हसत होता. असल्या माणसासमोर चुकायचं? तिला शिसारी आली.

"तेवीस ऑगस्ट दोन हजार तेवीस."

मग मराठीला अभिजात दर्जा कधी मिळाला, मग जी-ट्वेंटीची शिखर परिषद भारतात कुठं भरली. तिने फटाफट सांगून टाकलं. असले शिळे प्रश्न शेंबडं पोरही सोडवेल. रविवारच्या पेपरात गेल्या वर्षभरातलं येणार आणि हा गाडा दोन-तीन वर्षं मागे रुतलेला. त्यानंतर ह्याने पुस्तक उघडलं तरी होतं का? प्रत्येक बरोबर उत्तराला महारुद्र अशी मान डोलवायचा की त्यानेच तिला शिकवलंय. एकेका उत्तरागणिक आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, हे अपेक्षाला कळत होतं. तोंड मात्र थांबत नव्हतं.

"पोरगी हुशार हाय," महारुद्र शेवटी वडिलांना म्हणाला. "पण लग्नानंतर अभ्यासाची काय गरज न्हाई. घरात एक अधिकारी बास झाला."

लिंबाजींनी लगेच होकारार्थी मान हलवली. आत चहा गाळत असलेल्या आईने, कस्तुराबाईने, तोंड गोड करायला साखरेचा डबा खाली काढला.

मध्यस्थी करणाऱ्या सिताराममामांनी रीत म्हणून विचारलं, मुलीला काही विचारायचंय का. अशा वेळी मुलीने नाही म्हणून आत जायचं असतं. अपेक्षा बसून राहिली.

"रविवारी केंद्र कुठं आलंय तुमाला?"

परीक्षेला बसणारा हे झोपेतही सांगेल. महारुद्रचा घास तोंडातच राहिला. हॉलतिकीट अजून यायचंय, असं काहीतरी तो पुटपुटला.

हॉलतिकीट सोमवारीच आलं होतं. अपेक्षाने तर ते छापून आणून कपाटात ठेवलं होतं. म्हणजे साहेब परीक्षेलाच बसत नव्हते. सगळ्या गावाला अधिकारी होतो म्हणून सांगायचं आणि फॉर्मसुद्धा भरायचा नाही. तिला आता मजा वाटायला लागली. आयोगाच्या साइटवर फोन नंबर टाकला की केंद्र लगेच दिसतं, आत्ताच बघू, असं म्हणून तिने आतून मोबाइल आणला.

इथं रेंज नसेल, राहू द्या, महारुद्र म्हणाला. पण बन्सीधरलाच हुरूप आला. पोराचा नंबर त्याला तोंडपाठ होता, त्याने तो एकेक आकडा करून सांगितला. अपेक्षा दाबत गेली. महारुद्र बशीकडे बघत बसला.

पडद्यावर एकच ओळ आली. या नंबरवरून अर्जच आलेला नव्हता.

आता फक्त मोबाइल पाहुण्यांकडे फिरवायचा होता. लग्न तिथंच मोडलं असतं, आणि साहेबांची साहेबी चटईवर सांडली असती. तिने मोबाइल उचललासुद्धा. तेवढ्यात बन्सीधरने बंडीच्या खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने काचा पुसल्या, डोळ्यांवर चढवला आणि बसल्या बसल्याच पुढं सरकला.

"दाव बाई," तो म्हणाला. "आमच्या सायबाचं नाव कसं छापलंय, बघू दे."

अपेक्षाने मोबाइल पालथा ठेवला.

"साइट बंद पडलीय," ती म्हणाली.

बन्सीधरने चष्मा काढून पुन्हा खिशात ठेवला. सरकारी कारभार असाच, म्हणाला. महारुद्रने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मग जाईपर्यंत पाहिलं नाही. कपात चहा अर्धा तसाच ठेवून तो उठला आणि चपला शोधू लागला.

संध्याकाळी सिताराममामांचा फोन आला. लिंबाजी ओसरीवर उभं राहून नुसतं हूं हूं करत होते. मग आत आले. अपेक्षा पुस्तक उघडून बसली होती.

"पोराला पसंत न्हाई," ते म्हणाले. "पोरीचं चालू घडामोडीचं लय कच्चं हाय म्हणला." ते जरा घुटमळले. "मला तर वाटलं, समदी बरोबर सांगितलीस."

"एक चुकलं, बाबा," अपेक्षा म्हणाली.