नाव आधी घ्यायचं

"नाही. असं नाही," मास्तर म्हणाले. "बाहेर जा आणि पुन्हा बेल वाजवा."

लेफ्टनंट दारातच घुटमळली. काहीतरी बोलणार होती, पण "बरं, सर" एवढंच म्हणून मागे फिरली. फाटकापर्यंत गेली, तिथे थांबलेल्या आपल्यासोबतच्या डॉक्टरांकडे न बघता वळली आणि परत पायऱ्या चढून आली. बेल वाजवली.

मास्तरांनी दार उघडलं.

"टोपी?"

तिने घाईघाईने टोपी काढून काखेत धरली.

"हां. आता बोला."

सैन्याच्या कार्मिक कार्यालयात त्यांना सगळे मास्तरच म्हणत. बदल्या, बढत्या, रजा, आजारी आईसाठी घराजवळ मागितलेली नेमणूक, असं सगळं ते कार्यालय सांभाळायचं. आणि एखादा जवान गेला की घरी बातमी न्यायची तीही तिथल्याच लोकांनी. एकट्याने जायचं नाही, बरोबर डॉक्टर न्यायचा, हे नियम मास्तरांनीच घालून दिलेले. अकरा वर्षं त्यांनी हे काम शिकवलं. निवृत्तीनंतरही दर तुकडीतले दोघं-तिघं सरावाला त्यांच्या घरी यायचे. मास्तर कधी बाप व्हायचे, कधी तापट सासरा. एकदा ते ठार बहिरी आजी झाले, आणि एका धिप्पाड कॅप्टनला सगळी बातमी गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडून सांगावी लागली. पुढे वर्षभर त्याचं नाव 'लाऊडस्पीकर' पडलं होतं.

लेफ्टनंट गेल्या वर्षीची त्यांची विद्यार्थिनी. वर्गात पहिली आलेली.

"सर, मला सांगायला फार वाईट वाटतं की..."

"तुम्हाला काय वाटतं ते कुणी विचारलंय?" मास्तरांनी तिला तोडलं. "आधी नाव. पूर्ण नाव. माणसाला शेवटपर्यंत वाटत असतं, हे लोक घर चुकलेत."

तिने पूर्ण नाव घेतलं. हुद्दा, तुकडी, ठिकाण. "ते आता आपल्यात नाहीत, सर."

"मग कुठे आहेत? आई विचारेल, कुठल्या दवाखान्यात आहे, मी निघते. काय सांगाल? 'मृत्यू झाला' म्हणायचं. जीभ अडखळली तरी तोच शब्द."

तिचा फोन खिशात थरथरला. तिने तो न बघताच बंद केला. मास्तर खोलीत येरझारा घालू लागले. टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं, घडी घातली, परत उलगडलं.

"कार्यालयातून?"

"हो. पोचलो का विचारताहेत."

"किती तासांच्या आत पोचायचं?"

"चार."

"मग त्यांना म्हणावं, धीर धरा. वाऱ्यासारखं येऊन वाऱ्यासारखं जाण्याचं काम नाही हे."

"सर, आपण बसू या का जरा?"

"मी बसत नाही. लोक बसत नाहीत. बसवायला शिका."

ती पुढे आली. त्यांच्या कोपराला धरून तिने त्यांना खुर्चीपर्यंत नेलं, बसवलं, पाण्याचा पेला हातात दिला. पेल्यातलं थोडं पाणी त्यांच्या पायजम्यावर सांडलं.

"हे चांगलं केलंत," ते म्हणाले. "घरात अजून कोण असतं ते विचारलंत?"

"मॅडम कुठे आहेत, सर?"

"शिवणवर्ग घेते. साडेचारला येईल." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून बारा मिनिटं. "चला, पुन्हा. सुरुवातीपासून."

तिने पुन्हा नाव घेतलं. मग एका दमात म्हणाली, "आज दुपारी एकच्या सुमारास चौकीजवळ दरड कोसळली. त्यात त्यांचा मृत्यू झाला."

आणि तिचे डोळे भरून आले.

"डोळे पुसा," मास्तर हळूच म्हणाले. "रडायचा पहिला मान घरच्यांचा. गाडीत बसल्यावर काय ते रडून घ्या."

तिने मनगटाने डोळे पुसले.

"आता प्रश्न येतील. त्याला त्रास झाला का?"

लेफ्टनंटने काखेतली टोपी सारखी केली.

"मला माहीत नाही, सर. पण मी विचारून तुम्हाला नक्की सांगेन."

"शाबास. खोटं बोलला नाहीत. खोटा दिलासा पुढे उघडा पडतो, मग माणूस कशावरच विश्वास ठेवत नाही." त्यांनी पेला खाली ठेवला. "एकटा होता का?"

"नाही. तिघं बरोबर होते. त्यातल्या एकाने शेवटपर्यंत हात धरून ठेवला होता."

मास्तर उठले आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. गजांवरची धूळ बोटाने पुसत राहिले. एक गज, मग दुसरा, मग तिसरा.

"हे राहून जाऊ देऊ नका," ते म्हणाले. "हाताचं. आयांना हे हवं असतं."

"हो, सर."

"परत एकदा सगळं."

तिने सगळं सांगितलं. नाव आधी, मग हुद्दा, मग तो शब्द, मग हाताचं. या वेळी आवाज कापला नाही आणि नजरही खाली गेली नाही. मास्तर मान डोलावत ऐकत होते. एकदाही त्यांनी तिला अडवलं नाही.

फाटक वाजलं. डॉक्टरांनी कुणालातरी नमस्कार केल्याचं ऐकू आलं, आणि पाठोपाठ एका बाईचा आवाज, "अहो, कोण आलंय?"

मास्तरांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. हाताने केस सारखे केले. मग लेफ्टनंटजवळ आले आणि आजवर जे कधीच केलं नव्हतं ते केलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"असंच सांग तिला, पोरी. आमचं लेकरू गेलं हे माझ्या तोंडून नाही निघायचं."