खर्जाची जागा

रॉस्कोनं लेम्युएलची, आपल्या जुन्या मित्राची, चाकाची खुर्ची वृद्धाश्रमाच्या बाथरूममध्ये नेली, तेव्हा नर्स धावत आली. "अहो, इथं कुठे?"

"आमचा आवाज टाइल्समध्येच घुमतो, सिस्टर."

फिलाडेल्फियातल्या शाळेच्या अशाच टाइल्सवाल्या संडासात या दोघांसह पाच पोरांचा डू-वॉप गाणारा कंपू जमला होता. वाद्यं घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून वाद्यंही तोंडानंच वाजवायची. खर्ज लेम्युएलचा. पुढे त्यांच्या रेकॉर्ड घरोघर वाजल्या. आता दोघंच उरले होते, आणि अर्धांगाच्या झटक्यानं लेम्युएलची वाचा पार बसली होती. परवा बायको समोर रडली, तरी त्याला तिचं नाव घेता आलं नाही.

रॉस्कोनं भिंतीवर बोटांनी ठेका धरला. कापऱ्या आवाजात पहिली ओळ म्हटली आणि खर्जाची जागा सवयीनं मोकळी सोडली.

"डूम... डूम-डूम... डूम."

तोच आवाज! खोल विहिरीतून यावा तसा. टाइल्स थरारल्या, रॉस्कोच्या अंगावर सर्रकन काटा आला.

नर्स दारातच खिळली. "पण यांचे तर शब्द गेलेत ना?"

"गेलेत की," रॉस्को डोळे पुसत म्हणाला. "पण गाण्यात याच्या वाट्याला शब्द होतेच कधी?"