पाणमांजराची सही

मिरजेला कुमुद वैशंपायनांच्या दारात रेवती डिंगणकर सह्यांची वही घेऊन उभी होती. जुन्या कार्टूनपटांना आवाज देणाऱ्या एक्क्याण्णव कलाकारांच्या सह्या तिच्या वहीत होत्या. लहानपणी जीव की प्राण असलेल्या पाणमांजराची, म्हणजे त्याला आवाज देणाऱ्या कुमुदताईंची, तेवढी राहिली होती. कुमुदताईंनी आपला तो आवाज तीस वर्षांच्या करारावर एका कंपनीला दिला होता. तेव्हापासून त्यांच्या गळ्यावर कंपनीची पट्टी होती, आणि त्या काहीही बोलल्या तरी पट्टीतून परकाच, सपाट आवाज उमटायचा.

"नेमकी आज आलीस," त्या सपाट आवाजात कुमुदताई म्हणाल्या. "बारा वाजता करार संपतोय."

रेवतीला हे ठाऊकच नव्हतं. दोघी घड्याळाकडे बघत बसल्या. आत कुमुदताईंचे यजमान चहा करत होते.

बाराला पट्टीवरचा दिवा विझला. कुमुदताईंनी ती सोडली, वही पुढ्यात ओढली आणि विचारलं, "नाव काय लिहू गं तुझं?"

पाणमांजरच बोललं होतं, जरा म्हातारं झालेलं.  रेवती एकीकडे हसत होती आणि एकीकडे डोळे पुसत होती.

यजमान चहाचे कप घेऊन दारातच थबकले होते. सव्वीस वर्षांच्या संसारात बायकोचा खरा आवाज त्यांनी घरात पहिल्यांदाच ऐकला होता.

"लग्नात नाव घेतलंस ते त्या पट्टीतून," ते म्हणाले. "आता परत घे."

कुमुदताई लाजल्या. मग त्यांनी घसा खाकरला.