ठोशामागचा ठोसा

शिंप्याचं पोट शिलाई मशीनला टेकायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. व्यायामशाळेत जायची लाज वाटत होती, म्हणून त्याने घरीच जाड कापडाची पंचिंग बॅग शिवली, दुकानातल्या चिंध्या तिच्यात ठासून भरल्या आणि मागच्या खोलीत छताच्या हुकाला टांगली.

रोज सकाळी तो घामाघूम होईस्तोवर ठोसे मारायचा. पोट उतरू लागलं, गडी खुशीत होता.

"तुम्ही एक ठोसा मारता, पण आवाज दोन येतात," एकदा बायको म्हणाली.

"भिंतीवर घुमत असेल," त्याने उडवून लावलं. पण दुसऱ्या दिवशी त्याने नीट कान दिला. धप्प. मग जरा थांबून, बारीकसा, पुन्हा धप्प. तो थांबला की तो आवाजही थांबायचा. पुढे पुढे मात्र तो दुसरा आवाजच मोठा होत गेला.

शेवटी त्याने बॅग उसवली, सगळं फरशीवर पसरलं. आत चिंध्यांशिवाय काही नव्हतं. त्याने ती परत भरून शिवली.

बॅग फार झुलते म्हणून रविवारी लेक मदतीला आली. पलीकडून तिने बॅगेला मिठी मारून गाल टेकवला. "मारा बाबा, मी धरलीय."

त्याने अगदी हलका ठोसा मारला आणि वाट पाहिली. दुसरा आवाज आलाच नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. हात खाली सोडून तो टॉवेल घ्यायला वळला.

"बाबा, पुरे ना," पाठीमागून लेक कळवळली. "किती जोरात मारताय!"